सेफ्टी व्हॉल्व्हला टोपी? अजिबात नाही!

प्रश्न : आमचा 15 लिटरचा गीझर सात वर्षांचा आहे. चालू केला की आतून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येतो आणि व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणतो, टोपी बसवून ते बंद करतो. थंडीत सासूबाईंना पहाटे कडक पाणी लागतं. घेऊ का टोपी बसवून?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे (22 मजली इमारत, तिसरा मजला)

उत्तर : नको, ताई. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर गेलं की साधारण 200 मिली, म्हणजे पेलाभर फुगतं. नळ बंद आणि मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) असेल, तर त्या पाण्याने जायचं कुठे? त्यासाठीच तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. उद्या थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी अति तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही पडला नाही, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी तेवढीच वाट उरते. ती बुजवायला निघालेल्या माणसाला पुन्हा गीझरला हात लावू देऊ नका.

ठिबकतं कधी, ते मात्र बघा. रात्री गीझर बंद करून व्हॉल्व्हखाली वाटी ठेवा. सकाळी वाटी कोरडी असेल, तर फक्त तापताना पडणारे थेंब आहेत. बारीक नळी लावून ते जाळीकडे सोडा. वाटी भरली असेल, तर एक तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत, नाही तर इमारतीचा दाब जास्त आहे. गच्चीवरची टाकी तुमच्या डोक्यावर साठेक मीटर आहे आणि दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब वाढतो. खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असायला हवा. तो आहे का, चालतो का, हे सेक्रेटरींना विचारा. गीझर किती बारचा आहे, ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

आता आवाज. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असणार. तापल्यावर त्यातले क्षार कॉइलवर बसतात, थराखाली अडकलेलं पाणी उकळतं आणि तडतडतं. क्षारांमुळे पाणी उशिरा तापतं असं सगळे सांगतात, मला ते फारसं पटत नाही. 2000 वॉटची कॉइल थर असला तरी तेवढीच उष्णता देते. 25 वरून 60 अंशांना 18 मिनिटांच्या आसपास लागतात. त्रास होतो तो कॉइलला. थराखाली ती जास्त तापते, तिचं कवच तडकतं आणि पाण्यात करंट उतरतो. म्हणून आधी अर्थिंग तपासून घ्या. बाथरूमच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडायलाच हवा.

सर्व्हिसिंग दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या, डिसेंबरात मिस्त्री फोनही उचलत नाहीत. नुसतं बटण नाही, मीटरबोर्डावरचा खटका, म्हणजे एमसीबी पाडायला लावा. टाकी रिकामी झाली की कॉइल आणि मॅग्नेशियमचा रॉड तुमच्यासमोर बाहेर काढायला सांगा. रॉड झिजून आतली तार दिसत असेल तर बदला. टाकीऐवजी गंज खाणं हेच त्याचं काम. कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवायची, पेचकसाने खरवडायची नाही. गॅस्केट नवीन घाला. परत जोडल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा, धार फुसफुसणं थांबेपर्यंत वाहू द्या, मगच एमसीबी लावा. रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

थर्मोस्टॅट 50–55 वर ठेवा. आणि सासूबाईंच्या बादलीत गार पाणी आधी, गरम नंतर.

प्रश्न : गॅस गीझर बाथरूममध्येच बसवला तर चालेल का? छोटी खिडकी आहे.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि थंडीत खिडकी तुम्हीच लावून घेणार. गीझर बाहेर मोकळ्या हवेत टांगा, आत फक्त पाइप आणा. जागा नसेल तर विजेचाच घ्या.