पानं भरघोस, कळ्या मात्र उशिरा

प्रश्न : आमच्याकडे थंडी उशिरा जाते आणि लवकर परतते. बागेला जेमतेम चार महिने मिळतात. झेंडू, डेलिया, शेवंती वाढतात जोमानं, पण कळ्या धरेपर्यंत थंडी येऊन ठेपते. दर पंधरवड्याला युरिया घालते, शेंडेही खुडते. शेवंती फाटकाजवळ, दिव्याखाली आहे. लवकर फुलं यायला आणखी कोणतं खत देऊ?

उत्तर : आणखी कोणतंच नको, ताई. आहे तो युरियाही थांबवा. त्यात ४६ टक्के नत्र असतं. त्यावर पोसलेलं झाड पानांतच रमतं. शेंडे खुडल्यानं फांद्या वाढतात, फुलंही वाढतात, पण काही आठवडे उशिरा. हंगाम लांब असेल त्यानं खुशाल खुडावं. तुम्ही झेंडूला हात लावू नका.

वेळ मिळवायचा तो रोप बाहेर जाण्याआधी. झेंडूचं बी शेवटच्या कडक थंडीच्या सहा-आठ आठवडे आधी घरात, भरपूर उजेडाच्या खिडकीत पेरा. बुटका फ्रेंच झेंडू पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो. टपोऱ्या आफ्रिकन झेंडूला त्याहून बराच वेळ लागतो, तेव्हा त्याचा मोह आवरा. डेलियाचे कंदही महिनाभर आधी कुंडीत लावून घरातच ठेवा. रोपं बाहेर लावण्यापूर्वी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उघड्यावर ठेवून सवय करा, नाहीतर वाऱ्या-उन्हानं ती बसकण मारतात.

शेवंतीचं दुखणं मात्र वेगळं आहे. ती रात्रीची लांबी मोजते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिलं, की काही झाडं दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, शेवंती त्यातलीच. तुमचा दिवा तिची रात्रच मोडतोय. दिवा बंद करा किंवा झाड हलवा. शिवाय झाड पुरेसं वाढलं, की रोज संध्याकाळी पाच ते सकाळी आठ त्यावर जाड काळं कापड घाला, काठ्यांच्या सांगाड्यावर, म्हणजे शेंडे दबणार नाहीत. कळ्यांना रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवू नका. (हे कंटाळवाणं आहे, मान्य!) तरी फुलायला जातीनुसार सात ते दहा-बारा आठवडे लागतात. पुढच्या वेळी लवकर फुलणारी जातच मागून घ्या.

यंदा कळ्या आल्यावर थंडीनं गाठलंच, तर रात्री जुनी चादर पांघरा आणि सकाळी ऊन आलं की काढा.