पाऊस उघडला तरी ढोरं लगेच सोडू नका

दादा, तुमची उमरेडकडची दोन एकर पडीत आठ दिवसांच्या झडीत हिरवीगार झाली, पाऊस उघडताच चार गाई आणि बैलजोडी तिथं मोकळी सोडली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं शेण पातळ झालं, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, पण ढोरं आजच गोठ्यात घ्या.

अशा कोवळ्या गवतात १०० भागांपैकी जवळपास ८० भाग पाणीच असतं. ४०० किलोच्या गाईला दिवसाला साधारण १० किलो सुका चारा लागतो. तो नुसत्या या गवतातून भागवायचा तर ५० किलो गवत पोटात जायला हवं. एवढं पाणी पोटात गेलं की शेण पातळ होणारच. म्हणून सकाळी आधी तणीस किंवा तुरीचं कुटार असा सुका चारा खाऊ घाला, मगच सोडा, तेही सुरुवातीला तासभरच आणि दव उडाल्यावर.

पण मला जास्त काळजी तुमच्या जमिनीची आहे. आपली काळी माती ओली असताना खूर घोट्यापर्यंत रुततात, गवताची मुळं तुटतात आणि खड्ड्यात पाणी साचून राहतं. मीही एका वर्षी पाऊस थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी ढोरं सोडली होती. धुऱ्याकडचा पट्टा असा तुडवला गेला की तिथलं मारवेल गवत गेलं आणि पुढच्या पावसाळ्यात नुसतं तरोट्याचं तण उगवलं. तरोट्याला ढोर तोंड लावत नाही. तो पट्टा मला पुन्हा उभा करायला तीन पावसाळे लागले. तेव्हापासून वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन पुरेशी सुकल्याशिवाय, मी फाटक उघडत नाही. चालून पाहा, टाच रुतत असेल तर थांबा.

पडितीचे बांबू-दोरीनं चार तुकडे करा. एका तुकड्यात गवत चार बोटं उरलं की ढोरं पुढच्या तुकड्यात न्या आणि आधीच्याला तीन-चार आठवडे हात लावू नका. कुसळी गवत असेल तर तो तुकडा आधी चारून घ्या. बी धरल्यावर तिची कुसळं तोंडात टोचतात.

डबक्याकाठचं गवत टाळाच, तिथल्या गोगलगायींमुळे यकृतात जंत होतात. आणि शेजारच्या वावरात गुडघ्याएवढी ज्वारी किंवा कापलेल्या ज्वारीचा फुटवा असेल तर ढोरक्याला बजावून सांगा. पावसानं ओढ दिल्यावर त्यात सायनाइडचं विष वाढतं आणि धडधाकट गाय थोड्याच वेळात कोसळते. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

घटसर्प आणि फऱ्या या ढोरांच्या रोगांची लस पावसाआधी टोचली होती का, हे तुम्ही लिहिलं नाही. राहिली असेल तर सरकारी दवाखान्यात उद्याच विचारा. जाताना थोडं ताजं शेण डबीत घेऊन जा. सुक्या चाऱ्यावर दोन दिवसांत ते घट्ट झालं नाही तर जंतांचं औषध कोणतं द्यायचं, ते तपासणीवरूनच ठरेल.