हम्प्टा पास झेपेल का मला?

प्रश्न : वय ५१, शाळेत शिकवते. आठवड्यातून चार दिवस अजिंक्यतारा चढते, कळसूबाई दोनदा केलंय. जूनमध्ये मैत्रिणींबरोबर हिमाचलमधला हम्प्टा पासचा ट्रेक ठरलाय. उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. मैत्रिणी म्हणतात, डायमॉक्सची गोळी घेतली की उंचीचा त्रासच होत नाही. जाऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जा ताई. पण मैत्रिणींचं ते डायमॉक्सचं डोक्यातून काढा.

कळसूबाई १६४६ मीटर. हम्प्ट्याचा पहिलाच मुक्काम, चिका, त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे आणि पास सुमारे ४२७० मीटरवर. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्यालाही उंची लागते, न चढणाऱ्याला कधीकधी लागत नाही. डायमॉक्सने शरीराला सवय व्हायला मदत होते, एवढंच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. शिवाय ही गोळी रात्री दोनतीनदा लघवीला उठवते. त्या थंडीत तंबूची चेन उघडणं म्हणजे काय, ते गेल्यावर कळेलच.

माझंच सांगतो. पहिल्या खेपेला बालू का घेरा इथे, साधारण ३६०० मीटरवर, दुपारपासून डोकं ठणकत होतं. ‘ऊन लागलं’ म्हणून गप्प बसलो. रात्री ताटातला राजमा-भात तसाच राहिला, तेव्हा तंबूतल्या सोबत्याने गाइडला सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘उलटी हुई?’ झाली होती. टॉर्चच्या उजेडात एका मदतनिसाबरोबर मला चिक्याला उतरवलं. चिडलो होतो त्याच्यावर. खाली आल्यावर पहाटेपर्यंत डोकं उतरलं. पास पुढच्या वर्षी केला. तेव्हा डोकं दुखलं की सांगायचं. लाज वाटली तरी.

गुडघ्याची काळजी मात्र खरी आहे. पासचा दिवस आठ-नऊ तासांचा, आणि माथ्यावरून शिया गोरू या पुढच्या मुक्कामाकडची उतरण तीव्र, जूनमध्ये बहुधा बर्फाची. आतापासून अजिंक्यतारा चढताना नाही, उतरताना सराव करा. दोन्ही हातांत काठ्या घेऊन, सावकाश. बूट आत्ताच घ्या, नखं कापून जा. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं ट्रेकच्या शेवटी, छत्रूला पोचेपर्यंत काळीनिळी झाली होती.

शिया गोरूचा ओढा सकाळी लवकर ओलांडतात, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. एकमेकांचे हात धरून जायचं. चार पावलांत पायांची जाण जाते. वेगळ्या सँडल न्या, बूट भिजवू नका.

आणि माथ्यावर पाच मिनिटं जास्त थांबा. मागे कुलूकडचा हिरवा उतार, पुढे लाहौलचे उघडेबोडके तपकिरी डोंगर; पावसाळी ढग बरेचसे कुलूच्या बाजूलाच रिते होतात. तुम्ही साताऱ्याच्या, तुम्हाला लगेच कळेल: महाबळेश्वरहून एका पावलात म्हसवड.