अंगणातली लाकडाची शेगडी सुरक्षितपणे कशी वापरावी?

धुराड्याची बिडाची शेगडी नवीन घेतली आहे, धूर फार होतो, ती घराला लागून ठेवू का आणि निगा कशी राखू, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशीच शेगडी वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी धूर. धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. आगीची धग ते पाणी उडवण्यातच जाते, जाळ धड धरत नाही आणि धूर धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकटत जातो. हा थर पुढे स्वतःच पेटू शकतो. सरपणातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. लाकूड फोडून जमिनीपासून थोडं वर रचा, वरून झाका, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. जाडी आणि जातीप्रमाणे वाळायला ६ महिने ते २ वर्षं लागतात. वाळलेल्या ढलपीच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सुटून येते, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. मॉइश्चर मीटर, म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र, असेल तर ढलपी तिथल्या तिथे फोडून आतल्या बाजूला टोचा. बाहेरची बाजू आधी सुकते, तिच्या आकड्यावर जाऊ नका.

रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड किंवा टिकाऊपणासाठी रसायन मुरवलेलं लाकूड कधीच जाळू नका. जुन्या रसायनी लाकडात आर्सेनिक असायचं आणि ते राखेतही उरतं.

जागेचं म्हणाल तर घराला लागून नकोच. भिंत, वळचण, कुंपण, वाळलेलं गवत, वर लोंबणाऱ्या फांद्या या सगळ्यांपासून निदान ३ मीटर लांब, आणि कंपनीच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर तेवढं. खाली दगड, वीट किंवा काँक्रीट. जोराचं वारं असेल त्या दिवशी पेटवूच नका, आणि हाताशी पाणी नाहीतर वाळूची बादली असू द्या.

पेटवताना जाड ढलप्या खाली, बारीक वर, अगदी वर काटक्या ठेवून वरून काडी लावा, धूर कमी होतो. पेट्रोल-रॉकेल अजिबात नाही, आणि धुमसत्या निखाऱ्यांवर तर मुळीच नाही. वाफेचा भडका थेट ओतणाऱ्याच्या अंगावर येतो.

मला खरी काळजी वाटते ती जाळ शमल्यानंतरची. थंडीत ‘आता धूर नाही, नुसते निखारे आहेत’ म्हणून शेगडी तंबूत किंवा बंद पडवीत नेली जाते. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही आणि तो दगावू शकतो. दार-खिडकी उघडी ठेवली तरी आत नेऊ नका.

राखेचंही तसंच. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली निखारे काही दिवस जिवंत राहू शकतात, कारण राख त्यांची ऊब बाहेर जाऊ देत नाही. झाकणाची पत्र्याची बादली घ्या, ती भिंतीपासून लांब, दगडावर ठेवा. प्लास्टिकची बादली, खोका, व्हॅक्यूम क्लीनर यांत राख भरू नका. आणि तापलेल्या शेगडीत पाणी ओतू नका, बीड तडकतं.

निगेचं काम फार नाही. पहिले काही जाळ लहान ठेवा, रंग नीट बसतो. तेव्हा येणारा वास त्याचाच. शेगडी बरेच दिवस बंद राहणार असेल तर राख पूर्ण काढा, कारण राख ओल धरून ठेवते आणि तळ गंजतो. पूर्ण गार झाल्याशिवाय आच्छादन घालू नका. गंज दिसला की तारेच्या ब्रशने घासून शेगडीसाठीचा उष्णतारोधक रंग द्या. दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेला दोरीची पट्टी असेल तर शेगडी गार असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. ती सहज निघाली तर दोरी बदलायला झाली.

कोरडं सरपण वापरूनही धूर दारातून मागे येत राहिला, तर धुराड्याच्या टोकावरची ठिणग्या अडवणारी जाळी उतरवून बघा. ती काजळीने बुजलेली असेल तर घासून परत बसवा, आणि तेव्हाच धुराडंही आतून ब्रशने साफ करून घ्या.