शंका-समाधान : नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी लागणार?

या खेपेला पाच पत्रं घेतली आहेत. बोअरचं पत्र पहिलं, कारण त्यात पैसा अडकलेला आहे.

प्रश्न : आमच्या गावात एक पाणाडी आहेत. तळहातावर नारळ आडवा धरून रानातनं फिरतात. पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो. त्यांनी दाखवलेल्या दहा जागांपैकी आठ जागी पाणी लागलं. धाकटा भाऊ म्हणतो, ही अंधश्रद्धा. दहात आठ हा पुरावा नाही का? पुढच्या महिन्यात आम्हाला बोअर मारायची आहे. (एक वाचक, अथणी तालुका)

उत्तर : दहात आठ हा अर्धा पुरावा झाला. उरलेला अर्धा तुमच्या गावातच पडून आहे, तो कुणी मोजलेला नाही. पाणाड्याला न विचारता गावात किती बोअर मारल्या आणि त्यांतल्या कितींना पाणी लागलं? तिथंही दहात आठच निघाल्या, तर नारळानं काही भर घातलेली नाही. दहात तीनच निघाल्या, तर धाकट्या भावाला गप्प बसावं लागेल. म्हणजे चार आकडे हवेत: विचारून लागलेल्या, विचारून कोरड्या, न विचारता लागलेल्या, न विचारता कोरड्या. गावाला पहिला तोंडपाठ असतो. बाकीच्या तिन्हींची गोष्ट कट्ट्यावर कोण सांगत बसतो?

मोजायच्या आधी ‘पाणी लागलं’ म्हणजे काय ते ठरवा. नुसता ओलावा दिसला तरी लागलं, की मे महिन्यात दोन तास मोटर चालली तर लागलं? पाणाडी म्हणाले ३०० फुटांवर, आणि लागलं ४५० वर, तर ते कुठल्या रकान्यात? बोअर कोरडी गेली की ‘अजून पन्नास फूट जायला हवं होतं’, ‘गाडीवाल्यानं तिरकी मारली’ अशी कारणं निघतात. लागली तेव्हा मात्र गाडी सरळ होती का, हे कुणी विचारत नाही. म्हणून जागा, खोली आणि किती इंच पाणी, हे तिन्ही बोअर मारायच्या आदल्या दिवशी वहीत लिहून त्यांची सही घ्या.

तुमच्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड, म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. वाळूत मुरतं तसं पाणी या दगडात सगळीकडं पसरलेलं नसतं. ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात सापडतं. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडं बोअर वाहते आणि पलीकडं धूळ उडते. पण याचीच दुसरी बाजू अशी की खोल जात राहिलं तर कुठली ना कुठली भेग लागायची शक्यता वाढत जाते. जो कुणी जागा दाखवेल, त्याच्या खात्यावर थोडंफार यश आपोआप जमा होतं.

नारळाची परीक्षा बोअर न मारताही घेता येते. पाणाड्यांना एक एकर रानात तीन जागा दाखवायला सांगा. प्रत्येक जागेचं अंतर दोन बांधांपासून टेपनं मोजून लिहून ठेवा आणि जमिनीवरची खूण पुसून टाका. मग त्यांच्या डोळ्यांना फडकं बांधा आणि पहिल्या फेरीच्या वेळी तिथं नसलेल्या माणसाच्या हातून, दुसऱ्याच बाजूनं, पुन्हा फिरवून आणा. या माणसाला जागा ठाऊक नसणं महत्त्वाचं, नाहीतर त्याचं पाऊल नेमक्या ठिकाणी घुटमळतं आणि नारळाला इशारा मिळतो. पाणी दोन तासांत जागा बदलत नाही, तेव्हा नारळही तिथंच उभा राहायला हवा. किती फरक चालेल ते आधी ठरवा, समजा १० फूट. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. तीन जागांभोवती १० फुटांची वर्तुळं काढली तर ती मिळून साधारण ९४० चौरस फूट भरतात. म्हणजे डोळे मिटून टाकलेला खडाही शंभरात दोनदा ‘बरोबर’ पडेल. तीनपैकी दोन जागा जुळल्या तर आम्हीही कान टवकारू.

अशी मोठी परीक्षा जर्मनीत म्यूनिकजवळ १९८७-८८ साली झाली. कोठाराच्या वरच्या मजल्यावर पाणाडी आणि खाली जागा बदलत राहणारा पाण्याचा नळ. निवडून घेतलेल्या ४३ जणांच्या आठशेहून जास्त चाचण्या झाल्या. काही जणांना खरंच जमतं, असं परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलं. पुढं दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं तेच आकडे तपासले, तेव्हा एका फेरीत चमकलेला माणूस पुढच्या फेरीत इतरांसारखाच चुकत होता, असं दिसलं.

याचा अर्थ तुमचे पाणाडी लबाड आहेत असा नाही. आडवा नारळ तळहातावर जेमतेम तोललेला असतो, हाताची बारीकशी हालचालही त्याला पुरते आणि धरणाऱ्याला ती कळत नाही. शिवाय त्यांची नजर वारुळावर, उंबरावर, ओढ्याच्या वळणावर असते. त्यात खरोखर काही कळत असेल, पण मग ते नजरेचं काम झालं. डोळ्यांवरचं फडकं तेवढ्यासाठीच.

बोअर मारण्याआधी आजूबाजूच्या बोअरींची यादी करा: खोली, पहिलं पाणी किती फुटांवर, एप्रिल-मेमध्ये किती. भूगर्भतज्ज्ञाकडून विद्युत तपासणी करून घ्यायची असेल तर त्यांच्याही मागच्या कोरड्या बोअरी विचारा. यंत्र आहे म्हणून सूट नाही.

प्रश्न : महापुराचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की तो आजचा, आपल्याकडचाच आहे हे कसं ओळखावं? (चिकोडी)

उत्तर : कृष्णाकाठानं २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत, त्यामुळं जुन्या फोटोंचा साठा भरपूर. आधी गाड्यांचे नंबर बघा: केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, एमएच ०९ कोल्हापूर. एका गाडीवरून काही ठरत नाही, सीमेवर दोन्हीकडच्या गाड्या फिरतात. दहाच्या दहा गाड्या तिसऱ्याच राज्याच्या असल्या तर मात्र ठरलं. मग पाट्या. बेळगाव शहराचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, Belgaum चं Belagavi झालं. पाटीवर नवं नाव असेल तर फोटो बहुधा त्यानंतरचा. जुनं नाव दिसलं म्हणून फोटो जुना, असं मात्र नाही, कारण कितीतरी दुकानांनी पाट्या रंगवलेल्याच नाहीत. तोच पुरावा एका बाजूला भक्कम आणि दुसऱ्या बाजूला पोकळ असू शकतो. खात्री करायला सोपा उपाय: त्या गावात ओळखीचं कुणी असेल तर फोन लावा.

प्रश्न : एका कंपनीचा माणूस उसासाठी टॉनिक घेऊन येतो. शेजाऱ्यानं मारलं आणि एकरी १० टन वाढले. शेजारी खोटं बोलणारा नव्हे. घ्यावं का? (निपाणी तालुका)

उत्तर : शेजारी खरं बोलतोय असंच धरू. त्याचा ऊस वाढला. टॉनिकमुळं वाढला का, हा दुसरा प्रश्न. त्याला एवढं विचारा: आदल्या साली लावण (नवी लागण) होती की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतनं फुटलेलं पीक)? आदलं साल कुठलं? २०२३ साली कर्नाटकात दोनशेहून जास्त तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. त्या सालाशी तुलना केली तर पुढच्या साली रिकामी बाटली शिंपडूनही ऊस वाढलेला दिसेल. टॉनिकबरोबर १९:१९:१९ या खताची पुडी दिली होती का? पाण्याच्या पाळ्या वाढवल्या होत्या का? पैसे घातलेल्या रानाकडं माणूस जरा जास्त लक्ष देतो, हेही आलंच. आणि टॉनिक घ्यावंसं वाटतं ते बहुधा वाईट सालानंतर. वाईट सालानंतर साधं साल आलं तरी ते वाढ म्हणूनच मोजलं जातं.

खरं-खोटं करायला तुमचं एक एकर पुरे. रान १३२ फूट रुंद, ३३० फूट लांब आणि सरी ४ फुटांची धरली तर ३३ सऱ्या होतात. तीन-तीन सऱ्यांचे दहा पट्टे पाडा, उरलेल्या तीन सऱ्या कडेला सोडा. शेजारशेजारचे दोन पट्टे म्हणजे एक जोडी, अशा पाच जोड्या. प्रत्येक जोडीत टॉनिक कुठल्या पट्ट्याला ते रुपया उडवून ठरवा. हे काम स्वतःच्या मनानं करू नका, हात नकळत चांगल्या पट्ट्याकडं जातो. दुसऱ्या पट्ट्यावर त्याच पंपानं, आधी तो नीट धुऊन, नुसतं पाणी फवारा. खत, पाणी, भांगलण दोन्हींना सारखी. पुडी द्यायची तर दोन्हींना, नाहीतर कुणालाच नाही.

तोडणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्याची फक्त मधली सरी धरा. कडेच्या सरीवर शेजारचा फवारा उडतो आणि मुळंही एकमेकांच्या हद्दीत जातात. मधल्या सरीत ५० फूट मोजून दोन्ही टोकांना काठी रोवा. जोडीतल्या दोन्ही पट्ट्यांत ही जागा पाटापासून सारख्याच अंतरावर हवी, कारण पाटाच्या तोंडाचा ऊस नेहमीच जोरात असतो. एकरी ४० टनांच्या रानात एवढ्या तुकड्यात साधारण १८४ किलो ऊस भरतो, म्हणजे दहा-बारा मोळ्या. ताणकाट्यावर मोळ्या तोला. तोलणाऱ्याला कुठला पट्टा कसला हे सांगू नका.

टॉनिक निव्वळ पाणी असलं, तरी पाचही जोड्यांत त्याचाच पट्टा वरचढ ठरायची शक्यता ३२ मध्ये एक. पाचपैकी चार किंवा जास्त जोड्यांत वरचढ ठरायची ३२ मध्ये ६, म्हणजे जवळपास पाचात एकदा. म्हणून चार-एक निकाल आला तर नाचू नका, पुढच्या साली पुन्हा करा. पाच-शून्य आला तर फरक किती किलोचा ते बघा. एका तुकड्यात १८ किलो जास्त म्हणजे एकरी सुमारे ४ टन. त्याची किंमत बाटली आणि मजुरीपेक्षा जास्त होते का, हा हिशेब तुम्ही आमच्यापेक्षा बरा कराल. कंपनीच्या माणसाला हा बेत सांगून बघा. एकरभर टॉनिक फुकट देतो म्हणाला, तर त्याचा स्वतःच्या मालावर विश्वास आहे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत सीमाप्रश्न हा विषय आहे. एकाच जनगणनेतून दोन्ही बाजू आपापलं म्हणणं सिद्ध करतात. हे कसं? (विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : कारण आकडा एकच असला तरी मोजायचं माप वेगळं असतं. तीन गावं घ्या. पहिल्यात १,००० माणसं, त्यांतली ९०० मराठी. दुसऱ्यात १,०००, मराठी ८००. तिसऱ्यात ४,०००, मराठी ४००. सगळी मिळून ६,००० आणि मराठी २,१००, म्हणजे ३५ टक्के. एकत्र मोजलं तर मराठी अल्पसंख्य, गावागणिक मोजलं तर तीनपैकी दोन गावांत बहुसंख्य. दोघंही खरं बोलतात.

१८८१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड बोलणारे सुमारे ६४ टक्के आणि मराठी सुमारे २६ टक्के होते. हा आकडा समोरून आला तर नाकारू नका, तो जिल्ह्याचा आहे एवढंच दाखवा. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाबद्दल तो काहीच सांगत नाही. उलट, एका गावाच्या आकड्यावरून तुम्ही जिल्ह्यावर बोललात तर तीच चूक तुमच्या गळ्यात. आंध्र-मद्रास सीमेसाठी वापरलेल्या पाटसकर सूत्रात गाव हे एकक, भाषिक बहुमत आणि सलग प्रदेश या कसोट्या होत्या. महाराष्ट्राची मागणी त्यावर उभी आहे. गाव धरावं की तालुका की जिल्हा, हा वाद तत्त्वाचा आहे. तो जनगणनेतून सुटत नाही, त्यासाठी वेगळी कारणं द्यावी लागतात. परीक्षकांचं लक्ष तिथं न्या.

जिल्हासुद्धा तोच राहिलेला नाही. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, आता कोल्हापुरात आहे. रायबाग कोल्हापूर संस्थानातलं आणि रामदुर्ग स्वतंत्र संस्थान, ते नंतर जिल्ह्यात आले. १८८१ ची टक्केवारी आजच्या टक्केवारीशेजारी ठेवणं म्हणजे दोन वेगळ्या रानांचा उतारा एकाच वहीत मांडणं. आणखी एक: जनगणनेत मातृभाषेचा रकाना वेगळा आणि येणाऱ्या इतर भाषांचा वेगळा. सकाळी बाजारात कन्नडमध्ये भाव करून घरी मराठी बोलणारा माणूस कुठल्या रकान्यात धरलाय, ते बघा.

सीमावादासाठी केंद्रानं नेमलेला महाजन आयोग कुणीतरी काढणारच. नेमणूक १९६६, अहवाल १९६७. बेळगाव शहर कर्नाटकात, निपाणी-खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला. कर्नाटकानं अहवाल स्वीकारला, महाराष्ट्रानं नाकारला. जो बेळगावपुरता अहवाल पुढं करतो, त्याला निपाणी विचारा. जो निपाणीपुरता पुढं करतो, त्याला बेळगाव विचारा. तुम्ही दोहोंपैकी कोण असणार आहात, ते भाषण लिहिण्याआधी ठरवा.

प्रश्न : पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघून पावसाचा अंदाज बरोबर येतो, असं आजोबा म्हणतात. (बेळगाव तालुका)

उत्तर : सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नऊनं भागतात, उरेल त्यावरून वाहन ठरतं. हत्ती, बेडूक, म्हैस आली की भरपूर पाऊस. या गणितात गाव कुठंच येत नाही. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला आणि अथणीच्या माळाला एकच बेडूक मिळतो. कणकुंबीत आषाढात उंदीर आला तरी छत्री लागते.

आजोबांशी वाद घालू नका, त्यांना सोबत घ्या. सगळ्या नक्षत्रांची वाहनं आणि आजोबांचा अंदाज, भरपूर, मध्यम की कमी, मृग लागायच्या आधी कॅलेंडरवर लिहा. किती मिलिमीटरला भरपूर म्हणायचं तेही त्याच दिवशी. मग सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा घ्या. तो झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाण्याची उंची मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. १ मिलिमीटर उंची म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. शेजारच्या रकान्यात गेल्या साली त्याच नक्षत्रात किती पडला ते टाका. ‘गेल्या सालासारखाच पडेल’ हा फुकटचा अंदाज आहे, बेडकानं निदान त्याला तरी हरवायला हवं.