वाचकांचे प्रश्न : दंड ठरवण्याचा अधिकार पंचांना दिला कुणी?

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या तीन पत्रांचा रोख एकच होता. न्याय कशाला म्हणायचं, आणि ते ठरवायचं कुणी? म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या पुतणीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं. पंचांनी बैठक घेऊन आमच्या घराला एकवीस हजार दंड ठरवला. तो भरेपर्यंत भावकीतल्या कुणी आमच्या दारात यायचं नाही, लग्नाला-मयताला बोलवायचं नाही. पंच म्हणतात, "हा समाजाचा न्याय आहे, कोर्टाचा इथं संबंध नाही." खरंच नाही का?
— एक वाचक, वाई तालुका

उत्तर : संबंध आहे. तुमच्या पंचांनी जे केलं तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. कायद्याचं नाव महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठकीत बसून बहिष्काराला चिथावणी देणारा, मदत करणाराही यात येतो. लग्न-मयतात अडथळा आणणं, देऊळ, सभागृह, स्मशान वापरू न देणं, धंद्याचे संबंध तोडायला लावणं, हे सगळं बहिष्कारात मोडतं.

हा कायदा व्हायला इतका उशीर का झाला, हेही सांगायला हवं. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला, कारण धार्मिक कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा त्या पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग मानला गेला. म्हणजे "आमच्यातला न्याय आम्हीच ठरवणार" हा तुमच्या पंचांचा दावा एकदा देशाच्या सर्वोच्च पातळीवर टिकलेला आहे. तो मोडायला पुढं पन्नासहून अधिक वर्षं गेली. त्यामागं वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी होत्या आणि साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली चळवळही होती.

आता कामाचं. तक्रार करण्याआधी एका वहीत लिहून काढा : बैठक कुठल्या तारखेला, कुणाच्या घरी किंवा कुठल्या देवळात झाली, कोण कोण हजर होतं, कुठलं वाक्य कुणी उच्चारलं. बहुतेक तक्रारी इथंच ढिल्या पडतात. "आम्हाला वाळीत टाकलं" एवढ्यावर तपास उभा राहत नाही. "अमुक तारखेला अमुक पंचांनी दुकानदाराला आम्हाला माल देऊ नको असं सांगितलं, तिथं अमुक दोघे होते" असं हवं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर काही आलं असेल तर ते पुसू नका आणि मोबाइल बदलू नका. त्याची प्रत कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दंडाचा काही भाग भरला असेल तर तो रोखीनं की फोनवरून, कुणाच्या हातात दिला, तेही लिहा. पंच पावती देत नाहीत, पण बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद राहते.

लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळं "आधी कोर्टाचा आदेश आणा" असं पोलीस म्हणू शकत नाहीत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात "घरातलं भांडण आहे, मिटवा" असं म्हटलं गेलं तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. तिथंही हालचाल झाली नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधीक्षकांकडे पाठवल्याचा पुरावा नसेल तर हा अर्ज अडतो.

गुन्हा जामीनपात्र आहे हे आधीच लक्षात ठेवा. पंच लवकरच गावात परत येतील आणि त्यानंतरचे काही आठवडे सगळ्यांत जड जातील. साक्षीदार याच काळात फुटतात. धमकी आली की त्याच दिवशी वेगळी तक्रार द्या. पुढची बैठक ठरल्याचं कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवा. ती बैठक रोखण्याचा आदेश ते देऊ शकतात. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायद्यात आहे. समझोता करता येतो, पण कोर्टाच्या परवानगीनं. देवळाच्या पायरीवर माफी मागून, नारळ देऊन प्रकरण मिटत नाही. दंड झाल्यास त्यातली रक्कम पीडिताला देण्याचा आदेशही कोर्ट देऊ शकतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. तक्रार पुतणीच्या आईच्या नावानं द्यायची असेल तर हा मार्ग सरळ आहे.

प्रश्न : पत्री सरकारच्या काळात आमच्या कुंडल भागात लोकच न्याय करत आणि तो झटपट होई. आज कोर्टात वर्षं जातात. मग गावानं केलेला न्याय वाईट कसा?
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : वाईट नव्हता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचा बराच भाग त्यात होता) लोकन्यायालयं चालवली. ज्याचं ऐकायला इंग्रजांचं कोर्ट आणि ठाणं तयार नव्हतं, ते सावकाराच्या कर्जात बुडालेलं कूळ, छळ झालेली बाई, तिथं आधी बोलत. लोकांनी ते निवाडे मानले त्याचं हे कारण. शिक्षा मात्र लगेच होई, वर दाद मागायची सोय नव्हती. चळवळीच्या काळात ते चाललं. तीच पद्धत पंचांच्या हाती कायमची दिली की काय होतं ते वाईच्या पत्रात दिसतं.

"परंपरा" म्हणून जातपंचायतीचं समर्थन करणाऱ्यांनी जुनी गोतसभा, म्हणजे गावच्या जाणत्यांची निवाडा करणारी सभा, नीट पाहावी. तिथं वादी-प्रतिवादी दोघेही आधी निवाडा मानण्याचा राजीनामा, म्हणजे राजी असल्याचा कागद, लिहून देत. तक्रारी लिहून घेतल्या जात. निकालाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत, पाटलाची निशाणी नांगर. गावचं गोत पक्षपाती वाटलं तर परस्थळ मागता येई, म्हणजे वाद दुसऱ्या गावी नेता येई. आजच्या जातपंचांकडे यातलं काय आहे? ना लेखी तक्रार, ना लेखी निकाल, ना परस्थळ. गोतसभेतही बाईचा शब्द आणि खालच्या मानलेल्या जातींचा शब्द सारख्या वजनाचा नव्हता, तेही विसरू नये.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांचं नाव आपण आदरानं घेतो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष त्यांनी गादीवर बसलेल्या रघुनाथरावांवर ठेवला आणि पद सोडलं. राज्यकर्त्यालाही जाब विचारता येतो, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या पंचांना असा जाब कोण विचारू शकतं, हे गावात उघड विचारा.

प्रश्न : बांधाचा वाद तंटामुक्ती समितीत मिटवून स्टँप पेपरवर सह्या झाल्या. आता शेजारी फिरला. तो कागद कोर्ट मानेल का?
— एक वाचक, खटाव तालुका

उत्तर : करार म्हणून मानेल, निकाल म्हणून नाही. तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. समितीचं काम समजूत घालणं; हुकूमनामा, म्हणजे कोर्टासारखा बंधनकारक निकाल, देण्याचा अधिकार तिला नाही. शेजारी फिरला तर तुम्हाला दावा लावावा लागेल आणि तो कागद त्यात पुरावा ठरेल.

त्याऐवजी हीच तडजोड लोकअदालतीत नोंदवा. दावा दाखल नसला तरी विधी सेवा प्राधिकरणामार्फत तिथं जाता येतं, फी लागत नाही. दावा चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्याआधी दोन गोष्टी तपासा. सातबारावरचे सगळे हिस्सेदार, बहिणी धरून, हजर आहेत का? आणि भूमी अभिलेखची मोजणी झाली आहे का? "जुन्या बांधाप्रमाणे" एवढंच लिहिलं की पुढच्या पेरणीला वाद पुन्हा उभा राहतो. मोजणीच्या नकाशाची क प्रत जोडा, गट क्रमांक आणि खुणांमधली अंतरं मीटरमध्ये लिहा. फसवणुकीनं सही घेतली असेल तर उच्च न्यायालयात रिट करावी लागते. त्यासाठी सातारा-सांगलीकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू आहे.