सिस्टर, पुढच्या साथीला सरकार तयार आहे का?

(‘सिस्टरबाईंचं टपाल’ या सदरात उत्तरं देणाऱ्या सिस्टर बीड जिल्ह्यात आधी एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून एकूण ३४ वर्षं काम करून निवृत्त झाल्या. या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

आमच्या सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी वाद होतो. एक गट म्हणतो, कोविडमध्ये सरकारनं जे उभं केलं ते भल्याभल्या देशांना जमलं नाही. दुसरा म्हणतो, एका खाटेसाठी रात्रभर फोन लावत बसलो होतो ते विसरायचं का? पुन्हा साथ आली तर सरकारची तयारी आहे की नाही, एका वाक्यात सांगा. — निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे

एका वाक्यात सांगायचं तर अर्धी आहे. आता पुढची वाक्यंही वाचा.

तुमचे दोन्ही गट खरंच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या महिन्यांबद्दल. ऑगस्ट २०२० मध्ये तुमच्या पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं, ते पाहिलेला माणूस सरकारचं कौतुक करणारच. आणि एप्रिल २०२१ मध्ये रिकामं सिलिंडर घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस शिव्या देणारच. लोकांचं मत हे शेवटी ज्या दारात त्यांना उभं राहावं लागलं, त्या दाराबद्दलचं असतं. त्यात चूक काही नाही. पण जम्बोचा मंडप ही तयारी नव्हे, ती धावपळ. धावपळ आपल्याला उत्तम जमते, अगदी लग्नघरासारखी. तयारी म्हणजे मांडव उतरल्यावर काय उरलं ते.

आता काय उरलं, ते मी पाहिलं-ऐकलं तेवढं सांगते. ऑक्सिजनचे प्लांट उरले. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे, पीएसए म्हणतात ते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच ते बसवून घेतले होते, म्हणून ऑक्सिजनपुरता तिथला एप्रिल इतरांपेक्षा बरा गेला. बाकीच्यांनी लाट आल्यावर बसवले. मला माहीत असलेला एक प्लांट सुंदर हिरव्या शेडमध्ये उभा आहे. तो चालवायला नेमलेला मुलगा कंत्राटी होता, कंत्राट संपलं, मुलगा गेला. आता वॉर्डात पूर्वीसारखेच सिलिंडर येतात. शेडला मात्र दरवर्षी रंग लागतो.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून आणखी एक सांगते. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या शेजारी सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गुलेन-बॅरे आजाराचे, रुग्ण निघाले, संख्या दोनशेच्या पुढे गेली. चांगल्या माणसांचे पाय लुळे पडले. संशय सगळ्यात आधी पाण्यावर गेला आणि विहिरीच्या पाण्यात क्लोरीन किती, याची चौकशी सुरू झाली. पुण्यात, जिथं १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, त्या शहराच्या कडेला! म्हणून कुणी मला तयारीबद्दल विचारलं की मी व्हेंटिलेटर मोजत नाही. मी विचारते, टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, पिशवी कुठं ठेवलीय आणि तिचं तोंड बांधलेलं आहे का? पिशवी उघडी राहिली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, २० च्या खाली गेला की ती पावडर टाकणं म्हणजे पाण्यात पीठ टाकल्यासारखं. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ओलीवर, उघड्या तोंडानं पडलेली पिशवी मी किती वेळा पाहिली, मोजलं नाही.

सरकार आकडे लपवतं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तुम्ही आतल्या. खरं काय? — शिक्षिका, परभणी

बाई, या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे स्वतःचंच पाप सांगावं लागेल. सांगते.

नोकरीला सात-आठ वर्षं झाली होती. आषाढात एका वस्तीवर हगवण सुरू झाली. मी पोचले तेव्हा लिंबाच्या झाडाखाली बाजा टाकलेल्या, फांदीला दोरी बांधून सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. मी वहीत १७ नावं लिहिली. संध्याकाळी वरिष्ठ आले, वही पाहिली आणि म्हणाले, “नऊ लिहा. सतरा लिहिले की उद्रेक होतो, उद्रेक झाला की चौकशी लागते.” मी नऊ लिहिले नाहीत. पण सतराही राहू दिले नाहीत. बारा लिहिले. तेव्हा वाटलं, आपण कसा मध्यम मार्ग काढला! रात्री तालुक्याहून बाराजणांच्या हिशेबानं सलाईन आल्या. उरलेल्या पाचांत एक म्हातारी होती, तिला पहाटे जीपमध्ये घालून न्यावं लागलं. वाचली. ती पुढं वीस वर्षं मला बाजारात भेटली की मिठी मारायची, आणि मला दर वेळी ते बारा आठवायचे.

तेव्हा लपवणं हे बहुतेक वेळा वर बसलेल्या कुणा खलनायकाचं काम नसतं. ते माझ्यासारख्या शिपायांनी थोडं थोडं केलेलं असतं, कारण वाईट बातमी सांगणाऱ्यालाच शिक्षा होते. उपकेंद्रातून तापाचे, जुलाबाचे, खोकल्याचे आकडे वर जातात. आधी दर आठवड्याला कागदावर जायचे, आता मोबाइलवर भरायचे. साथीवरची सगळी पाळत त्या एका आकड्यावर उभी आहे. तो भरणारीच्या मनात ‘चौकशी लागेल’ ही भीती असेल तर दिल्लीतल्या मोठ्या पडद्यावर सगळं हिरवंच दिसणार.

आणि हे फक्त सरकारचं नाही, लोकांचंही आहे. १६ जून २०२० ला महाराष्ट्रानं आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात हिशेबात घेतले, त्यातले ८६२ मुंबईचे. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच ओरड, बघा, लपवलं होतं! लपलं होतं हे खरंच. पण ज्यानं ते शोधून जाहीर केलं त्याला आपण जेवढं झोडपलं, तेवढं ज्या राज्यांनी मोजलंच नाही त्यांना झोडपलं नाही. माझ्या मते तो दिवस लाजेचा कमी आणि कामाचा जास्त होता. आमच्या घरी यावरून माझं आणि मोठ्या भावाचं अजून पटत नाही.

मी अकरावीत आहे. कोविडच्या आधी जगातल्या देशांच्या आरोग्य सुरक्षेची एक यादी निघाली होती, त्यात अमेरिका पहिली होती असं वाचलं. मग तिथं इतके लोक कसे गेले? यादी खोटी होती का? — विद्यार्थिनी, लातूर

खोटी नव्हती गं. ऑक्टोबर २०१९ मध्ये निघालेल्या त्या यादीत अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा आणि भारत ५७ वा होता. प्रयोगशाळा, कायदे, योजना, तज्ज्ञ, सगळं मोजलं होतं. मोजता येत नाही ते राहून गेलं. ती यंत्रणा वापरायची वेळ आली तेव्हा वरचा माणूस ऐकेल का आणि खालचा माणूस विश्वास ठेवेल का, हे. घरात अग्निशामक आहे म्हणून पहिला नंबर दिला, पण आग लागल्यावर घरमालक म्हणाला, ‘आग नाहीच आहे.’ अशा यादीत आपला नंबर वाढला म्हणून नाचू नकोस, घसरला म्हणून रडू नकोस. परीक्षेला मात्र हे लिहू नकोस, सर मार्क कापतील.

आमच्या वाडीत निम्म्या लोकांनी लस घ्यायला नको म्हटलं होतं. अजून म्हणतात, सरकारच्या सुईवर भरवसा नाही. हे अडाणीपण कधी जाणार? — महिला शेतकरी, संगमनेर तालुका

अडाणीपण म्हणू नका. मी १९९४ चं सांगते. ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले, पिसवा वाढल्या, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेला प्लेग निघाला आणि तिथून लोक गाड्या भरभरून पळाले. आम्ही घरोघर टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटत होतो. एका घरी सत्तरीची आजी मला दारातच थांबवून म्हणाली, “आमच्या सासूच्या काळात उंदीर पडला की सरकारची वाट कोण बघत होतं? गाव सोडून रानात खोपी घालायचे.” ती अडाणी नव्हती. उंदीर मेलेला दिसला की घर सोड, हा नियम तिच्या घराण्यात तीन पिढ्या टिकला होता. आमच्या परिपत्रकाला आठच दिवस झाले होते.

आणि सरकारवरचा अविश्वासही तिला कुणी फुकट दिला नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, आणि पुण्यात रँडचे गोरे सोजीर घराघरांत घुसून माणसं ओढून नेऊ लागले. पुढं काय झालं ते शाळेत सगळेच शिकलो. पण त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञानं स्वतःच्या हातानं स्वतःला प्लेगची लस टोचून घेतली होती. आणि मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. साथ तीच, शहरंही तीच. लोकांच्या मनात मात्र बंदूक राहिली. मार्च २०२० मध्ये सरकारनं कपाटातून काढला तोही १८९७ चाच कायदा, चार कलमांचा.

तुमच्या वाडीत लस कुणी नेली होती? तालुक्याहून गाडी आली, भोंगा वाजला आणि गाडी गेली, असं झालं असेल तर मीही घेतली नसती. आमच्याकडे एका तांड्यावर पहिल्या दिवशी तिघांनी घेतली. चौथ्या दिवशी आमच्या आशाताईनं स्वतःच्या सासऱ्याला पारावर बसवून टोचलं, संध्याकाळी त्यांना तिथंच चहा पाजला, रात्री ताप आला तेव्हा तीच गोळी घेऊन गेली. मग रांग लागली. त्या आशाताईला तेव्हा मिळणारा मोबदला इतका होता की जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना साथ चालू असताना संपावर बसावं लागलं. सुईवर भरवसा नाही म्हणणाऱ्यांनी आणि सरकारनंही ही गोष्ट एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावी.

मॉक ड्रिल हे नाटक असतं का? — एक वाचक, सातारा

डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये कोविडच्या तयारीचं मॉक ड्रिल देशभर झालं त्यात मी होते. नाटकच असतं. पण नाटकाच्या तालमीत कुठला दिवा लागत नाही ते कळतं. आमच्याकडे व्हेंटिलेटर चालू केला आणि जनरेटरमध्ये डिझेल नाही हे कळलं. साहेबांचा फोटो झाला आणि डिझेलही आलं.

सरकारला नावं ठेवून कंटाळलो. गावातला साधा माणूस काय बघू शकतो ते सांगा. — ग्रामपंचायत सदस्य, आष्टी तालुका

भाऊ, तुम्ही सदस्य आहात म्हणजे तुमच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. सपाट भागात ३० हजार लोकांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र असा निकष आहे. तुमच्या उपकेंद्रात एएनएम राहते का, पुरुष आरोग्य सेवकाचं पद भरलंय का, एवढं आधी विचारा. ते पद वर्षानुवर्षं रिकामं असलेली उपकेंद्रं मी पाहिलीत. तापाच्या घरी जाऊन रक्ताचा नमुना घेणारा, डबक्यात गप्पी मासे सोडणारा, विहिरीच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओ.टी. टेस्ट करणारा माणूस तोच. साथ पहिल्यांदा त्याच्या कानावर येते. तो नसला तर ती थेट तालुक्याच्या दवाखान्यात दिसते, तोवर उशीर झालेला असतो.

मग ग्रामसभेत गावाचं कार्ड मागा. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. पाच वर्षं सलग हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. बहुतेक गावांत सरपंचांना रस्त्याचा निधी तोंडपाठ असतो, कार्डाचा रंग विचारला की ग्रामसेवकाकडे बघतात. तुमच्या आरोग्य आणि स्वच्छता समितीच्या खात्यात दरवर्षी थोडे पैसे येतात, ते कशावर गेले तेही बघा. आमच्याकडे एका वर्षी सतरंजी घेतली होती. चांगली होती सतरंजी.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या स्वतःच्या गावी राहते. यंदा आम्हाला पिवळं कार्ड आहे, कारण टाकीखालचा व्हॉल्व्ह गळतो आणि तिथं म्हशी बसतात. ग्रामसभेत उठून बोलले. सरपंच हसून म्हणाले, “सिस्टर, तुम्ही रिटायर झालात ना?” पुढच्या सभेला मी ओ.टी.ची बाटली घेऊन गेले. सगळ्यांसमोर प्यायच्या माठातलं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. पिवळं व्हायला पाहिजे होतं. पांढरंच राहिलं. व्हॉल्व्ह शुक्रवारी बदलला. म्हशी अजून तिथंच बसतात.